'फाइट'ला मराठीत कुठे काय म्हणायचं? (बेळगाव-खानापूर-निपाणीकडचा वापर धरून)

पाटी_पेन्सिल

आठवी ते दहावीच्या मराठी माध्यमाच्या मुलांसाठी इंग्रजी-मराठी-कन्नड असा छोटा शब्दसंग्रह करायला घेतलाय. 'फाइट'पाशी गाडी अडली. कोशात त्याच्यापुढे 'लढणे, भांडणे, झगडणे' असे तीन शब्द ओळीनं असतात आणि मुलं त्यातला दिसेल तो उचलून कुठेही बसवतात. मग 'फाइट अ फायर'चं 'आगीशी भांडणे' होतं. त्यात आपल्या भागात आणखी एक भानगड. सरकारी कागद कन्नडमध्ये, बाजारात दोन्ही भाषा मिसळलेल्या. कानावर पडणारे कितीतरी शब्द दोन्हीकडे सारखेच दिसतात, अर्थ मात्र सारखा नसतो.

हवंय ते असं: कुठल्या प्रसंगाला कुठला शब्द, त्याला क्रियापद कुठलं लागतं, आणि हमखास कुठे चुकतं. सीमाप्रश्नाचं राजकारण कृपया इथे नको.

शुद्धलेखनी

आधी भांडण कशानं चाललंय ते बघा. तोंडानं, हातानं, की कागदानं? मराठीत या तिघांचे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. इंग्रजीत 'दे हॅड अ फाइट' म्हटलं तर नवराबायकोत नुसती बोलाचाली झाली की कुणाचं डोकं फुटलं, हे पुढचं वाक्य वाचल्याशिवाय कळत नाही. मराठीला तो संशय ठेवायची सवय नाही.

तोंडाची भांडणं चढत्या क्रमानं घ्या. कुरबुर म्हणजे पुटपुटत केलेली नाराजी. धुसफूस म्हणजे राग आत आणि बाहेर फक्त आदळआपट. खटका एकदाच आणि चटकन उडतो. हुज्जत म्हणजे मुद्दा न सोडता लावून धरणं, कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून घालतात ती. बाचाबाचीत दोघंही बोलत असतात आणि आवाज चढलेला असतो. हमरीतुमरीवर आले म्हणजे अहोजाहो संपून अरेतुरे सुरू झालं. मग शिवीगाळ. तिथून पुढे हात उठतो: धक्काबुक्की, झटापट, हाणामारी.

क्रियापदं नामाला चिकटूनच द्या. हुज्जत आणि वाद घालतात. कुरापत काढतात. भांडण उकरून काढतात किंवा दुसऱ्यांत लावून देतात. खटके उडतात, भांडण जुंपतं, वाद चिघळतो, तेढ वाढते, वितुष्ट येतं, वैर आणि अबोला धरतात. हमरीतुमरीवर 'येतात', ती 'करत' नाहीत. नाम बरोबर आणि क्रियापद चुकलेलं, असं वाक्य दुरूनच भाषांतर वाटतं. 'त्यांच्यात खटका झाला' हे त्यातलंच.

दस्तलेखक

हाताच्या भांडणात एक फरक मुलांनाच काय, मोठ्यांनाही माहीत नसतो आणि तो महागात पडतो. मारहाण आणि मारामारी.

मारहाण एकतर्फी: एक मारतो, दुसरा खातो. मारामारी दोघांची. 'काल आमच्यात मारामारी झाली' असं वाक्य तक्रारीत लिहिलं की तक्रारदारानं आपणही हात उचलल्याचं आपणच लिहून दिलं. मार खाल्लेल्या माणसानं 'मला मारहाण केली' असंच लिहायला हवं. कन्नडमध्येही हाच फरक आहे: हल्ले म्हणजे मारहाण, होडेदाट म्हणजे मारामारी. आपल्याकडे पोलीस ठाण्यात तोंडी सांगितलेलं कन्नडमध्ये लिहून घेतात. तोंडी खबर लिहून घेतल्यावर ती वाचून दाखवायची, मग सही घ्यायची आणि प्रत फुकट द्यायची, असा नियम आहे (नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३, जुन्या दंड प्रक्रिया संहितेचं १५४). वाचून दाखवताना नुसती मान हलवू नये. 'हल्ले' लिहिलंय की 'होडेदाट', एवढं तरी कान देऊन ऐकावं.

कायद्याच्या डोळ्यानं बाकीच्या पायऱ्या अशा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, म्हणून नवीच कलमं देतो.

शांतता बिघडावी म्हणून मुद्दाम केलेला अपमान, यात शिवीगाळ येते: कलम ३५२. धमकी: ३५१. साधी दुखापत: ११५(२), एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हाड किंवा दात मोडला, निखळला की ती 'जबर दुखापत' होते: ११७(२), कैद सात वर्षांपर्यंत. दोघं किंवा जास्त माणसं सार्वजनिक जागी मारामारी करून शांतता मोडतात तेव्हा १९४, एक महिन्यापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंग्याला मात्र किमान पाच माणसांचा बेकायदा जमाव लागतो, कलम १८९ आणि १९१. चौघांनी कितीही धिंगाणा घातला तरी कायद्याच्या भाषेत तो दंगा नव्हे.

मलप्रभा_काठ

पण आपल्या खानापूर-बेळगावात आई पोरांना दिवसातून दहा वेळा 'दंगा करू नका' म्हणते, तिथे एकटं पोरही दंगा करतं की! कोल्हापूरपासून इकडे वर्गातला, घरातला दंगा म्हणजे आरडाओरडा नि मस्ती. कन्नडमध्ये 'गलाटे माडबेडि' म्हणतात ते हेच. आणि गलाटेलाही तशीच दोन तोंडं आहेत: पोरांचा गोंगाटही गलाटे आणि चौकातली हाणामारीही गलाटे. कन्नड बातमीत 'गलाटे' दिसला की पुढची ओळ वाचून मगच गोंधळ, गलका की मारामारी ते ठरवायचं.

पोलिसी दंग्याला कन्नडमध्ये दोंबी किंवा गलभे म्हणतात. 'दंगे' असाही शब्द आहे, खरं तो फसवा. 'सिपायी दंगे' म्हणजे १८५७चं शिपायांचं बंड. इतिहासाच्या पुस्तकातलं 'दंगे' बघून कुणी 'शिपायांचा दंगा' लिहिलं तर अर्थाचं वाटोळं झालं. तिथे बंड किंवा उठाव. त्याच घरातला 'बंडाय' मात्र सरळ आहे, 'बंडाय अभ्यर्थी' म्हणजे बंडखोर उमेदवार.

रोजच्या भांडणाला कन्नडमध्ये जगळ. भांडखोर बाईला जगळगंटी, पुरुषाला जगळगंट. मराठीत भांडकुदळ दोघांनाही चालतो, कजाग मात्र बहुतेक बाईलाच चिकटवतात. तो शब्द मुलांच्या यादीत घालायचा तर कसा, ते तुम्हीच बघा. ऐकायला मिळणारी एक म्हण जरूर घाला: 'गंड हेंडिर जगळ उंडु मलगो तनक'. नवराबायकोचं भांडण जेवून झोपेपर्यंत. आपल्याकडचं 'भांड्याला भांडं लागणारच' त्याच जातीचं.

शुद्धलेखनी

मलप्रभा_काठ यांच्या मुद्द्याला जोडून. होडेदाट, बडिदाट, गुद्दाट यातला शेवटचा '-आट' कन्नडमध्ये 'एकमेकांना' हे सांगतो. मराठी तेच काम शब्द दुहेरी करून करते: मारामारी, हाणाहाणी, बाचाबाची, ढकलाढकली, ओढाओढी, गुद्दागुद्दी. मुलांना ही खूण शिकवली की पाठ करायची गरज नाही. दुहेरी शब्द दिसला की दोन्ही बाजू सामील. म्हणूनच दस्तलेखकांनी सांगितलेला मारहाण-मारामारीचा फरक आपोआप लक्षात राहतो.

शिनोळी_नाका

'तंटा' राहिला. तंटा कागदावर चढायच्या बेताला आलेला असतो. शेजारणी-शेजारणींचं भांडण होतं, बांधाचा तंटा होतो. भांडण संध्याकाळी विसरलं जातं, तंट्याला पंच बसतात. म्हणून भांडण सोडवतात, तंटा मिटवतात. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, त्यात तंट्यांचे गट पाडले ते दिवाणी, महसुली, फौजदारी आणि इतर असे. नाका ओलांडून चंदगड तालुक्यात शिरलं की गावागावात तिच्या पाट्या दिसतात. ही योजना महाराष्ट्र सरकारची, त्यामुळे नाक्याच्या अलीकडे तो शब्द पाटीवर दिसत नाही. तोंडात मात्र दोन्हीकडे आहे. कन्नडमध्येही 'तंटे' आहेच, आणि खरेदीखतात 'तंटे तकरारु' अशी जोडी येते.

कज्जा हाही तंट्याचाच भाऊ, पण त्याला कोर्टाचा वास जास्त. कज्जेदलाल म्हणजे लोकांना कोर्टात भांडायला लावून त्यावर पोट भरणारा. शब्द आता वापरात कमी झालाय. माणसं कमी झालीत असं नाही.

दस्तलेखक

तकरारु निघालाच आहे तर तिथेच थांबू या, कारण बेळगावात सगळ्यात जास्त घोळ याच शब्दाचा होतो.

आजच्या मराठीत तक्रार म्हणजे गाऱ्हाणं: वीज आली नाही, तक्रार केली. कन्नड सरकारी भाषेत त्याला 'दूरु' म्हणतात. कन्नड 'तकरारु' म्हणजे हरकत, किंवा दोघांतला वाद. जुन्या मराठीतही तक्रारीचा अर्थ वादावादी असाच होता. कन्नडनं तो धरून ठेवला, मराठीनं सोडला. परिणाम असा की तलाठ्याकडून किंवा तहसीलदार कचेरीतून 'तकरारु असल्यास अमुक दिवसांत द्या' अशी नोटीस आली की मराठी वाचणाऱ्याला वाटतं, आपली काही तक्रार नाही, सोडून द्या. नोटीस विचारत असते, 'या नोंदीला तुमची हरकत आहे का?' मुदत टळते आणि फेरफार मंजूर होतो. मग अपिलाच्या पायऱ्या चढा.

जमिनीच्या कागदातले बाकीचे जोड शब्द, नीट उतरवून घ्या:

'विवाद' म्हणजे वाद. कर्नाटक जमीन महसूल अधिनियम १९६४ च्या कलम १२९ मध्ये फेरफाराला हरकत आली की ते प्रकरण वेगळ्या वादग्रस्त नोंदवहीत जातं. महाराष्ट्रात तेच काम १९६६ च्या संहितेच्या कलम १५० खाली होतं, आणि तिथल्या वहीचं नाव गाव नमुना सहा-अ, विवादग्रस्त प्रकरणांची नोंदवही.

'वाद' हा कन्नड कोर्टात युक्तिवाद. 'वाद मंडने' म्हणजे वकिलानं बाजू मांडली. 'वाद सुरू झाला' असं भाषांतर केलं तर कोर्टात भांडण लागल्यासारखं वाटतं. वादी आणि प्रतिवादी दोन्हीकडे तेच. 'दावे' म्हणजे दावा. 'व्याज्य' म्हणजे कज्जा, खटला; त्याचा व्याजाशी काही संबंध नाही. 'राजी' म्हणजे तडजोड. 'ओत्तुवरी' म्हणजे अतिक्रमण. शेजाऱ्यानं नांगरताना दरवर्षी वीतभर बांध कोरला ती ओत्तुवरीच. 'हद्दुबस्त' म्हणजे हद्द ठरवून देणारी मोजणी. कर्नाटकच्या भूमापन खात्याच्या संगणक प्रणालीचं नाव 'मोजिणी' आहे, म्हणजे तो शब्द तरी ओळखीचा.

पाटी_पेन्सिल

हे सोनं आहे. तकरारु-तक्रार-दूरु-हरकत अशी वेगळी चौकटच करते. आता दोन प्रश्न. एक, 'फाइट विथ', 'फाइट फॉर', 'फाइट ओव्हर' यातली शेपटं मराठीत कशी उतरवायची? दोन, निवडणुकीचं काय?

शुद्धलेखनी

शेपटांचं सोपं आहे. कारण वेगळं, हेतू वेगळा, समोरचा वेगळा.

'ओव्हर'ला '-वरून': नळावरून भांडण, बांधावरून तंटा. 'फॉर'ला '-साठी': हक्कांसाठी लढा. 'अगेन्स्ट'ला '-विरुद्ध' किंवा '-शी'. पाण्यावरून भांडतात आणि पाण्यासाठी लढतात. 'पाण्यावरून लढा' किंवा 'पाण्यासाठी भांडण' म्हणून बघा, कानाला खटकतं, कारण भांडणाला कारण लागतं आणि लढ्याला उद्दिष्ट.

'फाइट विथ' हा इंग्रजीतच फसवा आहे. 'ही फॉट विथ द मराठाज' यात तो मराठ्यांशी लढला की मराठ्यांच्या बाजूनं, हे संदर्भ सांगतो. मराठीत 'मराठ्यांशी लढला' आणि 'मराठ्यांकडून लढला' ही दोन वेगळी वाक्यं. परीक्षेत हे वाक्य आलं तर आधी परिच्छेद वाचायला सांगा.

मग 'लढणे' आणि 'लढवणे'. लढतो तो स्वतः, लढवतो तो काहीतरी हातात धरून. निवडणूक लढवतात, खटला लढवतात, किल्ला लढवतात, पंजा लढवतात, शक्कलही लढवतात. खिंड लढवणे म्हणजे मदत येईपर्यंत एकट्यानं टिकून राहणं. १६६० मध्ये विशाळगडाच्या वाटेवर बाजीप्रभूंनी लढवली ती खिंड भाषेत कायमची राहिली. 'निवडणूक लढणे' अलीकडे छापून येतं, ते हिंदीचं.

मजकूर_मांडणी

निवडणुकीचं मी सांगतो. कन्नड बातमीवरून मराठी बातमी करताना पडायचे खड्डे ठरलेले आहेत.

'चुनावणेगे स्पर्धे': निवडणूक लढवणे. 'निवडणुकीत स्पर्धा करणार' हे चूक. स्पर्धा धावण्याची, वक्तृत्वाची. 'त्रिकोन स्पर्धे': तिरंगी लढत. 'कण': रिंगण किंवा आखाडा, 'कणात दहा उमेदवार' वाचून मराठी माणूस धुळीचा कण शोधत बसतो. 'पैपोटी': चुरस. 'जिद्दाजिद्दी': ईर्षेची लढत, आपल्याकडे 'ईर्षा लागली' म्हणतातच. सगळ्यात धोक्याचा 'हणाहणी'. कन्नडमध्ये तो दोन उमेदवारांतल्या अटीतटीच्या सामन्याला वापरतात. तसाच उचलून 'दोन्ही उमेदवारांत हाणाहाणी' असा मथळा लागला तर दुसऱ्या दिवशी दोघांचेही कार्यकर्ते दारात उभे.

'भिन्नमत' म्हणजे मतभेद नव्हे, पक्षातली नाराजी किंवा फुटीर गट. मतभेदाला 'भिन्नाभिप्राय'. 'ओळजगळ' म्हणजे पक्षांतर्गत धुसफूस.

'होराट' हा मोठा शब्द. लढा, आंदोलन, चळवळ तिन्ही त्यात बसतात. 'स्वातंत्र्य होराटगार'चं 'स्वातंत्र्य लढवय्या' करू नका, मराठीत त्याला स्वातंत्र्यसैनिक हा ठरलेला शब्द आहे. 'रैतर होराट' म्हणजे शेतकऱ्यांचं आंदोलन. रस्त्यावर आठवडाभर बसले तर आंदोलन, वर्षानुवर्षं चाललं तर लढा. 'कदन विराम' म्हणजे शस्त्रसंधी आणि 'शीतल समर' म्हणजे शीतयुद्ध.

माती_आखाडा

कुस्तीला कुणी हातच लावला नाही. बेळगावात बसून 'फाइट'वर बोलायचं आणि आनंदवाडीचा आखाडा विसरायचा?

कुस्तीत भांडण हा शब्द येतच नाही. कुस्ती जोडतात, लावतात, धरतात, सोडवतात. सुरुवातीला एकमेकांचा अंदाज घेत हात झटकत फिरतात ती खडाखडी. मग पकड, कब्जा, पट काढणं, डाव. निकाली कुस्ती म्हणजे पाठ टेकेपर्यंत. कन्नड पोस्टरवरही 'जंगी निकाली कुस्ती' हेच शब्द असतात, भाषांतर लागत नाही. दोन्ही खांदे मातीला लागले तरच चितपट. गुणांवर जिंकलेल्या कुस्तीला 'चितपट केलं' किंवा 'अस्मान दाखवलं' लिहिणं म्हणजे हरलेल्या पैलवानावर अन्याय आहे, तिथे 'गुणांवर मात केली' लिहा. वेळ संपली आणि निकाल लागला नाही तर 'बरोबरीत सोडवली'. डाव माहीत असेल तर नाव द्या: घुटना, एकचाक, ढाक, पोकळ घिस्सा, धोबीपछाड. 'घुटना डावावर विजयी' एवढं लिहिलं की वाचणाऱ्याला कुस्ती दिसते.

'दंगल' हिंदीत कुस्त्यांचं मैदान. मराठीतही कुस्तीच्या बातमीत चालतो, पण मथळ्यात नुसता 'बेळगावात दंगल' असा टाकला तर गावभर फोन सुरू होतील. त्यापेक्षा 'कुस्ती मैदान' लिहावं.

जनावरांची ती झुंज किंवा टक्कर. कोंबड्यांची झुंज, एडक्यांची, रेड्यांची टक्कर. कन्नडमध्ये 'टगरिन काळग', 'कोळी काळग'. इथला कोळी म्हणजे कोंबडी, जात नव्हे. अशा झुंजी करमणुकीसाठी लावणं प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्यानं, कलम ११ नुसार, गुन्हा आहे. शब्द शिकवा, हौस शिकवू नका.

मलप्रभा_काठ

आणि 'फाइट' हा शब्द मराठीत राहतोच की. 'हरले, खरं फाइट दिली' म्हणजे सहजासहजी हरले नाहीत. सिनेमात 'फाइटिंग' म्हणजे मारामारीचा प्रसंग आणि तो बसवणारा फाइटमास्टर. एवढ्या दोन जागा सोडल्या तर मराठी बोलताना 'फाइट' लागत नाही.

शुद्धलेखनी

'फाइट दिली'ला मराठीत 'झुंज दिली', तेही घालू द्या यादीत. झुंज म्हणजे समोरचा भारी आहे हे माहीत असून टिकणं. म्हणून आजाराशी माणूस झुंजतो. पण शरीर जंतूंशी करतं तो प्रतिकार, म्हणूनच रोगप्रतिकारशक्ती. सरकार रोगाचं करतं ते निर्मूलन किंवा नियंत्रण. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी 'फाइट' चालतो. आग विझवतात. आग विझवण्याच्या कामाला अग्निशमन आणि ते करणारे अग्निशमन दलाचे जवान.

उरलेले झटपट: 'पिक अ फाइट' कुरापत काढणे. 'फाइट बॅक' प्रतिकार करणे, तोंडी असेल तर प्रत्युत्तर देणे. 'फाइट इट आउट' एकदाचा सोक्षमोक्ष लावणे. 'फाइट शाय ऑफ' टाळणे, अंग चोरणे. 'फाइट बॅक टिअर्स' रडू आवरणे. 'फाइट फॉर ब्रेथ' श्वासासाठी तडफडणे. 'फाइट टूथ अँड नेल' निकरानं लढणे. दात-नखं आणू नका. 'फाइटिंग फिट' ठणठणीत.

चहाटपरी

यात 'राडा' कुठे बसतो?

मजकूर_मांडणी

मुंबईकडून आलाय, आता सगळीकडे आहे. बोलताना चालतो. बातमीच्या मजकुरात 'राडा' लिहिला की काय घडलं ते कळत नाही: घोषणा, तोडफोड, की मारहाण? ज्याला घडलेलं नेमकं माहीत नाही तो राडा लिहितो.

'संघर्ष'चंही तेच म्हणणं आहे माझं. नळावरच्या रांगेपासून पश्चिम आशियापर्यंत सगळीकडे संघर्ष पेटलेला. तिथे काय चाललंय ते शोधायचा कंटाळा आला की हा शब्द येतो.

शिनोळी_नाका

इतका टाकाऊ नाही तो. दोन बाजू समोरासमोर भिडलेल्याच नसतील, ताण मात्र सतत असेल, तिथे दुसरा शब्द कुठे आहे? खानापूरच्या जंगलालगतच्या गावात हत्ती, गवे शेतात येतात, त्याला वन खातं 'मानव-वन्यजीव संघर्ष' म्हणतं. तिथे 'भांडण' म्हणणार का? कन्नडमध्येही 'मानव-वन्यप्राणी संघर्ष'. वर्गसंघर्षही तसाच.

मजकूर_मांडणी

वन्यजीवांचं मान्य. नळाचं नाही.

पाटी_पेन्सिल

राजकारण नको म्हटलं तरी हे विचारावंच लागतंय, कारण मुलांच्या वाचनात तिन्ही येतात: सीमाप्रश्न, सीमावाद, सीमालढा. फरक काय सांगायचा?

दस्तलेखक

शब्दांपुरतं सांगतो. प्रश्न म्हणजे न सुटलेली बाब. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर बेळगाव कोणत्या राज्यात असावं, ही बाब. वाद म्हणजे दोन पक्षांचे परस्परविरोधी दावे. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला, १९६७ मध्ये अहवाल आला, आणि २००४ मध्ये महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तो राज्याराज्यांतला वाद, राज्यघटनेच्या अनुच्छेद १३१ खाली. लढा म्हणजे लोकांनी चालवलेली चळवळ. म्हणून न्यायालयात 'सीमालढा प्रलंबित' नसतो, आणि मोर्चा 'सीमावादात' निघत नाही. कन्नडमध्ये बहुतेक वेळा 'गडी विवाद'. गडी म्हणजे सीमा, मराठीतला गडी नव्हे.

पाण्याचंही याच पठडीतलं. आंतरराज्यीय नद्यांचा कायदा १९५६ चा. त्याखाली १९६९ मध्ये नेमलेल्या मंडळाला मराठीत 'कृष्णा पाणीतंटा लवाद' हे नाव रूढ झालं. काटेकोर बघितलं तर लवाद म्हणजे दोन्ही पक्षांनी मान्य करून नेमलेला मध्यस्थ. कायद्यानं नेमलेल्याला न्यायाधिकरण म्हणायला हवं, कन्नड 'जलविवाद न्यायाधिकरण' तेच म्हणतं. म्हादईचं २०१० मध्ये नेमलं, निवाडा २०१८ मध्ये. पण वर्तमानपत्रांत 'लवाद' इतका मुरलाय की मुलांना दोन्ही द्या आणि पुढे चला.

पाटी_पेन्सिल

शेवटचा. 'कॉन्फ्लिक्ट' स्वतंत्र घेऊ की 'फाइट'खालीच? वेळापत्रकात दोन तास एकत्र आले तरी मुलं 'टाइम-टेबल कॉन्फ्लिक्ट' म्हणतात.

शुद्धलेखनी

स्वतंत्र घ्या. वेळापत्रकात कुणी कुणाशी भांडत नाही, तिथे 'दोन तास एकाच वेळी आले' एवढंच म्हणा. दोन साक्षींमध्ये असेल तर विसंगती. दोन नियमांमध्ये असेल तर 'एक नियम दुसऱ्याच्या विरोधात जातो'. मनातल्या मनात असेल तर द्वंद्व किंवा घालमेल. दोन समाजांत असेल तर तेढ. पंचायतीच्या सदस्यानं स्वतःच्या भावाच्या कंत्राटावर मत दिलं तर हितसंबंधांचा संघर्ष, कन्नड 'हितासक्ति संघर्ष'. मुलांना हा शेवटचा समजावताना व्याख्या देऊ नका, भावाच्या कंत्राटाचंच उदाहरण द्या.

मजकूर_मांडणी

बघा, आला की नाही संघर्ष!